भाताच्या तुसाची राख : सिमेंटला पूरक बांधकाम साहित्य

भात भरडल्यानंतर उरणारे तूस आणि ऊस गाळल्यानंतर उरणारे चिपाड ही दोन्ही आपल्याकडे जळण म्हणून वापरली जातात. ती जळाल्यावर मागे राहणारी राख मात्र बहुतेक ठिकाणी गिरणीच्या किंवा कारखान्याच्या आवाराबाहेर, खाणीच्या खड्ड्यात अथवा ओढ्याकाठी टाकली जाते. या राखेने सिमेंटच्या काही भागाची जागा घेता येते, हे संशोधनाने सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. तरीही देशातील बांधकामात तिचा वाटा अत्यल्पच राहिला आहे. राख फुकट मिळते, परंतु सिमेंटमध्ये मिसळण्याजोगी राख फुकट मिळत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होय. राख कोणत्या तापमानाला जळाली, किती बारीक दळली गेली आणि किती अंतरावरून आणावी लागली, या तीन गोष्टींवर तिची उपयुक्तता आणि तिच्यामुळे होणारी बचत अवलंबून असते.

सिमेंट महाग का पडते?

इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व मिळविले. आजच्या पद्धतीत चुनखडी व चिकणमाती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. त्यातून क्लिंकर नावाचे कठीण गोळे तयार होतात आणि त्यांत थोडे जिप्सम घालून ते दळले की सिमेंट होते. एक टन क्लिंकरसाठी सुमारे दीड टन चुनखडी लागते. भट्टी तापविण्यास मोठ्या प्रमाणावर इंधन खर्च होते, शिवाय खुद्द चुनखडीचे विघटन होतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा मानला जातो. क्लिंकर जितके कमी लागेल, तितका खर्च व प्रदूषण कमी होते. क्लिंकरच्या काही भागाऐवजी दुसरे स्वस्त द्रव्य वापरण्याचा विचार यातूनच पुढे आला.

हा विचार नवा नाही. इटलीतील पोझ्झुओली या गावाजवळची ज्वालामुखीय राख चुन्यात मिसळल्यास पाण्यातही घट्ट होणारा गारा तयार होतो, हे प्राचीन रोमन कारागिरांना ठाऊक होते. त्या गावावरूनच अशा द्रव्यांना ‘पोझोलाना’ हे नाव पडले. रोममधील पँथिऑनचा दुसऱ्या शतकातील घुमट याच प्रकारच्या काँक्रीटचा असून तो आजही उभा आहे. भारतात हेच काम सुरखीने, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीने केले. जुने वाडे, पूल आणि किल्ल्यांवरील टाकी यांसाठी बैल जुंपलेल्या घाणीत चुना व सुरखी मळली जात असे. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचे बांधकामही चुना व सुरखीचे आहे.

राखेतील सिलिका

भाताचे पीक जमिनीतील पाण्याबरोबर विद्राव्य सिलिका शोषून घेते आणि तिचा मोठा भाग दाण्याच्या बाहेरील आवरणात साठतो. तूस खरखरीत लागते, जनावरे ते खात नाहीत आणि ते लवकर कुजतही नाही, याचे कारण ही सिलिकाच होय. कोकणात तुसाच्या राखेची राखुंडी दात घासण्यासाठी वापरीत, तिचा घासण्याचा गुणही याच घटकामुळे असतो.

भाताच्या वजनाच्या सुमारे २० ते २२ टक्के तूस निघते. तूस जळाल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्के राख राहते. याचा अर्थ एक हजार किलो भातामागे साधारण दोनशे किलो तूस आणि चाळीस किलो राख मिळते. नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. अन्य कोणत्याही पिकाच्या अवशेषातून इतकी शुद्ध सिलिका सहजासहजी मिळत नाही.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की त्याला घट्टपणा देणारे सिलिकेटचे जाळे तयार होते आणि त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाही निर्माण होतो. हा चुना काँक्रीटच्या मजबुतीत फारशी भर घालीत नाही. पाण्याबरोबर तो झिरपून बाहेर येतो आणि भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात. राखेतील सिलिका नेमक्या या चुन्याशी संयोग पावते आणि त्यापासून आणखी सिलिकेटचे जाळे तयार होते. काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे त्यामुळे भरली जातात, पाणी व क्षार आत शिरण्यास अडथळा होतो आणि लोखंडी सळया गंजण्याचा वेग मंदावतो. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेतील बांधकामांसाठी हा गुण विशेष महत्त्वाचा आहे.

मात्र ही सिलिका अस्फटिकी स्वरूपात असावी लागते. येथेच बहुतेक गिरण्यांची राख नापास होते. तूस सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेत, पुरेशा हवेत जळाले, तर सिलिका अस्फटिकी राहते आणि चुन्याशी तत्परतेने संयोग पावते. तापमान त्याहून बरेच वाढले व तूस अधिक काळ त्या उष्णतेत राहिले, तर सिलिकेचे स्फटिक बनतात. अशी राख दिसायला स्वच्छ, पांढरट किंवा गुलाबीसर असते, पण ती वाळूइतकीच निष्क्रिय ठरते. याउलट हवा कमी पडली, तर तूस अर्धवट जळते आणि राख काळी राहते. तिच्यातील न जळालेला कार्बन पाणी शोषून घेतो व मिश्रण बिघडवितो. गिरणीच्या बॉयलरमध्ये मालकाला वाफ हवी असते, राखेचा दर्जा हा त्याच्या हिशेबात नसतो. त्यामुळे एकाच गिरणीची सकाळची आणि संध्याकाळची राखही सारखी असेलच असे नाही. नुसत्या रंगावरून पारख करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. भारतीय मानक ‘आयएस १७२७’ मध्ये यासाठी चाचणी दिलेली आहे. त्यात राख, चुना व प्रमाणित वाळू यांचे ठोकळे उबदार, दमट वातावरणात ठेवून काही दिवसांनी त्यांची दाब सोसण्याची क्षमता मोजली जाते.

पंजाब व हरियाणातील शेतांत जाळल्या जाणाऱ्या पराळीची राखही अशीच वापरता येईल, असा समज अधूनमधून व्यक्त होतो. परंतु पराळी म्हणजे भाताचा पेंढा. त्यात सिलिकेचे प्रमाण कमी व पोटॅशचे जास्त असते. शिवाय उघड्या शेतात जळणाऱ्या पेंढ्याच्या तापमानावर कोणाचेही नियंत्रण नसते. तूस आणि पेंढा यांची गल्लत करता कामा नये.

टंचाईच्या काळातील प्रयोग

तुसाच्या राखेचे आधुनिक संशोधन १९७० च्या दशकात बहरले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी नियंत्रित ज्वलनाने मिळालेली राख उत्तम पोझोलाना ठरते, हे दाखवून दिले. भारतात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने तुसाची राख व चुना एकत्र दळून ‘ॲशमोह’ नावाचे सिमेंटसदृश द्रव्य विकसित केले. तूस योग्य तापमानात जाळण्यासाठी जाळीच्या टोपलीसारखी साधी भट्टीही तेथे तयार करण्यात आली. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्था, जोरहाटची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र यांनीही या विषयावर काम केले.

या प्रयोगांमागे त्या काळातील सिमेंट टंचाईची पार्श्वभूमी होती. सिमेंटच्या किमती व वितरण यांवर सरकारी नियंत्रण होते आणि घर बांधू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला परवान्यासाठी ताटकळत राहावे लागे. अशा वेळी गावातच भाताचे तूस व चुना यांपासून बंधक द्रव्य तयार करण्याची कल्पना आकर्षक होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः उठविण्यात आले. कारखान्यांची संख्या वाढली, कोपऱ्यावरच्या दुकानात पोते मिळू लागले आणि संथपणे घट्ट होणाऱ्या चुना-राख मिश्रणाची निकड संपली. साचे लवकर काढता आले पाहिजेत, ही ठेकेदारांची अपेक्षाही त्याला मारक ठरली. तंत्र चुकीचे नव्हते. ते ज्या टंचाईवर उभे होते, ती टंचाई राहिली नाही.

त्यानंतर तुसाच्या राखेचा विचार स्वतंत्र सिमेंट म्हणून न होता, पोर्टलंड सिमेंटचा काही भाग वाचविणारे पूरक द्रव्य म्हणून होऊ लागला. २००० साली प्रकाशित झालेल्या ‘आयएस ४५६’ या काँक्रीटविषयक भारतीय मानकात तिचा स्पष्ट उल्लेख आहे. अपेक्षित गुणधर्म व एकसारखा दर्जा असलेली तुसाची राख, निर्णयाधिकार असलेल्या प्राधिकाऱ्याच्या संमतीने वापरता येईल, असे त्यात म्हटले आहे. सरकारी कामावर असा अधिकारी असतो. खेड्यात स्वतःचे घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र हा निर्णय बहुधा गवंड्यावर येऊन पडतो.

बचतीचा हिशेब

राख स्वस्त म्हणून घर स्वस्त, असे समीकरण मांडले जाते. ते तपासून पाहणे उद्बोधक आहे. समजा, सहाशे चौरस फुटांच्या घराचा पाच इंच जाडीचा स्लॅब घालावयाचा आहे. त्याला सुमारे सात घनमीटर काँक्रीट लागेल. एकास दीड, तीन या नेहमीच्या प्रमाणाने घनमीटरला आठ पोती, म्हणजे एकूण छप्पन्न पोती सिमेंट लागेल. त्यातील १५ टक्के सिमेंटऐवजी राख वापरली, तर आठ-साडेआठ पोती वाचतील. पोत्याचा दर साडेतीनशे रुपये धरल्यास ही बचत तीन हजार रुपयांच्या आतच राहते. त्यातून राख दळण्याचा, वाहतुकीचा व चाचणीचा खर्च वजा करावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला, त्यामुळे पर्यायी द्रव्याला मिळणारा किमतीतील लाभ आणखी आक्रसला. एवढ्या रकमेसाठी चाचणी न झालेली राख स्लॅबमध्ये घालणे म्हणजे कुटुंबाच्या डोक्यावरील छपराशी खेळ होय.

हाच हिशेब सिमेंटचे ठोकळे बनविणाऱ्या लहान कारखान्याच्या बाबतीत वेगळा दिसतो. दिवसाला एक हजार भरीव ठोकळे काढणाऱ्या कारखान्यास, ठोकळ्यामागे तीन किलो सिमेंट धरल्यास, रोज साठ पोती लागतील. त्यापैकी २० टक्के सिमेंट वाचले, तर दिवसाला बारा पोती म्हणजे चार हजार दोनशे रुपयांची बचत होते. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर ही रक्कम दहा लाखांच्या पुढे जाते. यातूनच दळणयंत्राचा व चाचणीचा खर्च भागू शकतो. ठोकळा, फरशी, कुंपणाचे खांब अशा वस्तू विक्रीपूर्वी तपासता येतात आणि एखादी खेप बिघडली तर ती बाजूला काढता येते. ओतलेल्या स्लॅबच्या बाबतीत ही सोय नसते. राखेच्या वापराची सुरुवात ठोकळ्यांच्या कारखान्यापासून व्हावी, असे म्हणण्यास त्यामुळे सबळ आधार आहे.

अंतराचा प्रश्नही लहान नाही. एक घनमीटर सुट्या तुसाचे वजन जेमतेम शंभर-सव्वाशे किलो भरते आणि न दळलेली राखही तशीच हलकी व फुगीर असते. ट्रक भरतो, पण वजन होत नाही. तासाला चार टन भात भरडणारी गिरणी दहा तास चालली, तर चाळीस टन भातापासून आठ टन तूस व सुमारे एक हजार सहाशे किलो राख मिळेल. वर सांगितलेल्या प्रमाणाने ती पंचवीस-सव्वीस घनमीटर काँक्रीटला, म्हणजे तीन-चार घरांच्या स्लॅबना पुरेल. गिरणीच्या पंचक्रोशीतच ती वापरली गेली तर परवडेल, दोनशे किलोमीटरवर नेली तर नाही.

देशाच्या पातळीवर पाहिले, तर २०२३-२४ या वर्षात भारतात १३ कोटी ७० लाख टनांहून अधिक तांदळाचे उत्पादन झाले. त्यासाठी लागणारे भात सुमारे वीस कोटी टन धरल्यास तूस चार कोटी टन आणि राख ऐंशी लाख टनांच्या आसपास येते. देशातील सिमेंटचे वार्षिक उत्पादन चाळीस कोटी टनांहून अधिक आहे. म्हणजे देशातील सर्व तूस योग्य पद्धतीने जाळून त्याची सर्व राख गोळा केली, तरीही ती सिमेंटच्या दोन टक्क्यांपेक्षा फारशी अधिक भरणार नाही. तुसाला इतर गिऱ्हाईकही आहेच. एक किलो तुसापासून सुमारे तीन हजार किलोकॅलरी उष्णता मिळते, त्यामुळे उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्या, लहान वीजप्रकल्प आणि वीटभट्ट्या ते विकत घेतात. सिमेंटच्या दृष्टीने टाकाऊ ठरलेली स्फटिकी राख पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूवर उष्णतारोधक थर म्हणून उपयोगी पडते.

सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मात्र औष्णिक वीजकेंद्रांची फ्लाय ॲश हा आहे. देशातील वीजकेंद्रांतून दरवर्षी तीस कोटी टनांहून अधिक फ्लाय ॲश निघते आणि डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार तिचा संपूर्ण वापर करणे केंद्रांवर बंधनकारक आहे. विदर्भातील गोंदिया जिल्ह्यात हे चित्र ठळकपणे दिसते. भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यातच तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. ठोकळे बनविणाऱ्यास फ्लाय ॲश जवळच आणि आधीच बारीक स्वरूपात मिळत असेल, तर तुसाची राख दळून घेण्याचा खटाटोप तो सहसा करणार नाही. जेथे वीजकेंद्र दूर आहे व भातगिरण्या जवळ आहेत, अशा भागांत या राखेला खरा वाव आहे.

उसाच्या चिपाडाची राख

महाराष्ट्र व उत्तर प्रदेशात हाच प्रश्न चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या राखेबाबत आहे. एक टन उसापासून पाव टनाहून थोडे अधिक चिपाड निघते. ते बॉयलरमध्ये जळाल्यावर सहा-सात किलो राख उरते. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यातून या हिशेबाने रोज तीस ते पस्तीस टन राख बाहेर पडते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत गाळपाच्या हंगामात ती वीटभट्टीवाले मातीत मिसळण्यासाठी नेतात किंवा शेतकरी शेतात पसरतात. उरलेली साठून राहते.

या राखेत सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी असते. उसाबरोबर आलेली मातीही तिच्यात मिसळलेली असते आणि धुराड्यातील धूर पाण्याने धुतला जात असल्यास राख ओलीच हाती येते. तिच्यातील अर्धवट जळालेले तंतू ही आणखी एक अडचण आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गेल्या दशकात झालेल्या संशोधनाने त्यावर साधा उपाय दाखविला. वाळवलेली राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीने चाळली असता जाड, काळे तंतू वर राहतात आणि खाली उतरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली की ती चांगला पोझोलाना ठरते. अशा काँक्रीटमध्ये क्लोराइड कमी शिरते आणि सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही कमी राहते, असे आढळले. पाया, बंधारे यांसारख्या जाड बांधकामांत या गुणाचा फायदा होतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

बाजारात घरबांधणीसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पोत्यांवर ‘पीपीसी’ ही अक्षरे असतात. या सिमेंटमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मिसळलेली असते. त्यात पुन्हा तुसाची राख घातल्यास क्लिंकरचे प्रमाण इतके घटते की मजबुतीची खात्री राहत नाही. राख मिसळावयाची असल्यास साधे ‘ओपीसी’ सिमेंट घ्यावे लागते. गावपातळीवरील प्रयोगांत ही बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

तुसाच्या राखेचे कण सच्छिद्र असल्याने मिश्रणाला पाणी जास्त लागते. गवंडी हात ढिला सोडून पाणी वाढवितो आणि राखेमुळे मिळालेली मजबुती तेथेच गमावली जाते. पाणी न वाढविता मिश्रण प्रवाही ठेवण्यासाठी रासायनिक द्रव्य वापरावे लागते, त्याचाही खर्च हिशेबात धरला पाहिजे. राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया ओलाव्यावर अवलंबून असते. म्हणून साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस, तर राखमिश्रित काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावे, असे ‘आयएस ४५६’ मध्ये नमूद आहे. उष्ण व कोरड्या हवेत ही मुदत चौदा दिवसांची सुचविलेली आहे. उन्हाळ्यात टँकरने पाणी आणणाऱ्या गावात हे चार जादा दिवस परवडतील का, याचा विचार आधीच करावा लागतो.

राख हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्नही गंभीर आहे. अति तापमानात जळालेल्या राखेतील स्फटिकी सिलिकेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. राख चाळणे, दळणे व पोत्यांत भरणे ही कामे बंदिस्त जागेत, धूळ शोषणाऱ्या यंत्रणेसह आणि योग्य मुखपट्टी लावूनच करणे आवश्यक आहे. नाकाला गुंडाळलेला रुमाल पुरेसा नसतो. गिरणीजवळच्या वस्तीवर उडणाऱ्या राखेलाही हीच गोष्ट लागू पडते. ढीग ओला ठेवणे किंवा झाकणे हा त्यावरील तात्पुरता उपाय आहे.

राखेची प्रत्येक खेप वापरण्यापूर्वी तिच्या मिश्रणाचे घन तयार करून सात व अठ्ठावीस दिवसांनी त्यांची दाबक्षमता तपासली जाते. राखेची प्रक्रिया सावकाश चालत असल्याने अनेक अभियंते छप्पन्न दिवसांची चाचणीही घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या प्रयोगशाळांत घनांची ही चाचणी शुल्क भरून करून घेता येते.